लिनआजींनी मोजलेली मतं

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं चीनमध्ये राहत होतो. आमच्या वसाहतीत रहिवाशांची समिती तेव्हा पहिल्यांदाच मतदानाने निवडली जाणार होती. समोरच्या घरातल्या लिनआजी निवृत्त शिक्षिका. दुखऱ्या गुडघ्यांनी सगळे जिने चढून त्यांनी घरोघरी मतपत्रिका पोहोचवल्या.

रविवारी सकाळी बागेत मतमोजणी झाली. आजी एकेक मतपत्रिका उलगडायच्या, दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवायच्या आणि मगच नाव वाचायच्या. शंभरेक माणसं माना उंचावून बघत होती. एक मतपत्रिका कोरीच निघाली.

"ती टाका बाजूला," मागून कुणीतरी म्हणालं.

"का? हाही माणूस मत द्यायला आला होता ना," आजी म्हणाल्या, आणि तो कोरा कागदही त्यांनी तितकाच उंच धरला.

या देशात कधी लोकशाही येईल का, असं पुण्याचे मित्र मला फोनवर विचारायचे. मला काय कळणार? वसाहतीच्या फाटकाबाहेर, एवढ्या अफाट देशात, कारभार कुणी करायचा हे लोकांना असं कुणी विचारत नव्हतं. पण मत इतकं जपून हातात घेणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी स्वतः मतदानाच्या सुट्टीत दोनदा अलिबागला जाऊन आलो होतो.

मोजणी संपल्यावर मी माझ्या मोडक्या चिनीत विचारलं, "दमलात का, आजी?"

"नाही रे. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मतं मोजली," त्या म्हणाल्या, आणि हसत त्यांनी तो कोरा कागदही बाकीच्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यात नीट ठेवला.