सतराव्या मजल्यावरची आढी

निसर्गाशी जो जुळवून घेईल तोच टिकेल. वाक्य माझं नाही. रत्नागिरीत आम्ही राहतो त्या उंच इमारतीच्या दाराशी ते जांभ्या दगडात कोरलेलं आहे, आणि त्याखाली तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलंय की ओल्या छत्र्या लिफ्टमध्ये आणू नयेत.

इमारत उभी राहत होती तेव्हा गावात दोन तट पडले. एक म्हणे, मुंबईला माळ्यांवर जन्म काढला, आता इथेही माळेच? दुसरा काही म्हणत नसे. देवरूखचे पाहुणे आले की त्यांना रिक्षात घालून इमारत दाखवून आणत असे. माझा थोरला भाऊ पहिल्या तटातला. "मे महिन्यात भट्टी होईल," तो म्हणायचा. वहिनीने तरीही सतराव्या मजल्यावर घर घेतलं. मी नवव्यावर.

मला डामडौलाचं वावडं आहे, पण ही इमारत आखणाऱ्याला अक्कल होती. जांभ्याच्या जाळीतून समुद्राचा वारा आत येतो आणि मधल्या पोकळीतून गरम हवा वर निघून जाते. पावसाचं पाणी तळघरात साठतं, त्यामुळे उन्हाळ्यात टँकर दिसत नाही. मे महिन्यात वीज गेली तरी दुपारी झोप लागते. कोकणात याहून मोठी शिफारस नाही.

गेल्या मे महिन्यात पुतणीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती. वहिनीने फोनवर सांगून टाकलं होतं, रस आमच्याच बागेतल्या हापूसचा. तिने मागच्या खोलीत पेंढ्यात आंबे घालून आढी लावली. जेवण रविवारी, आणि गुरुवारी मला वर बोलावणं आलं.

"भावोजी, वास घ्या."

घेतला. पेंढ्याचा आला. आंबे झाडावर होते तसे हिरवेगार.

"मी सांगत होतो," भाऊ दारातून म्हणाला.

"तुम्ही भट्टी होईल म्हणून सांगत होतात," वहिनी म्हणाली. "झाली असती तर पिकले नसते का?"

जाळी बंद करता येत नाही. तोच तिचा गुण. भावाने सुचवलं, बाजारातून पिकलेले आणू.

"विहीणबाईंचं सासर-माहेर दोन्ही आंब्याचं. साल बघून ओळखतील. मग पोरीला जन्मभर ऐकवतील, बागाईतदाराच्या घरी विकतचा आंबा."



मग वहिनी आणि मी इमारतीत उकाडा शोधत फिरलो. जिना गार. तळघर गार. गच्चीवर सौरपट्ट्यांच्या सावलीत भोपळ्याचा वेल गारेगार पसरलेला. प्रत्येक ठिकाणी माझा इमारतीबद्दलचा आदर वाढत होता आणि वहिनीचा उतरत होता. शेवटी फाटकाशी ती थांबली, एका दारातून हात आत घातलान आणि लगेच बाहेर काढलान.

"इथे पिकतील," ती म्हणाली. संध्याकाळी पेंढ्यासकट आढी खाली आली.

रविवारी विहीणबाईंनी वाटी दोनदा पुढे केली. व्याही जाळीपाशी उभे राहून वारा घेत म्हणाले, घर असावं तर असं. भावाने मान डोलावली.

आंबे वॉचमनच्या केबिनमध्ये पिकले होते. ती पत्र्याची आहे आणि इमारतीच्या आराखड्यात नव्हती. वॉचमन दुपारी आमच्या जिन्यात बसतो.