नंदीपाशी राखलेला वाटा

मी देवाच्या दारी माणूस टाकायला गेले होते. लिहिताना हात जड होतो, पण अनुभव सांगायचा तर खोटं बोलून कसं चालेल?

माझा धाकटा दीर मनाने आजारी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझा पदर धरून शाळेत जायचा. आमचे हे वारल्यापासून त्याचं सगळं माझ्याच गळ्यात. गोळ्या चालू असूनही तो मधूनच कुणाच्याही घरात शिरून चुलीपुढे जाऊन बसायचा. त्याने कुणावर कधी हात उगारला नाही. तरी गाव म्हणालं, याला शेतातल्या घरी, आखाड्यावर ठेवा. मग तिथल्या खोलीत, हळदीच्या पोत्यांशेजारी त्याला ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. दोन वेळा भाकर घेऊन जायची. कडी काढली की तो रोज विचारायचा, "वैनी, घरी चलायचं का?" या प्रश्नाला मी विटले. शेवटी एका सोमवारी त्याला औंढ्याला आणलं. नागनाथाच्या दारी उपाशी तर मरणार नाही, अशी मनाची समजूत घातली.

इथला नंदी देवळामागे आहे. भजनातून उठवून दिलेल्या भक्ताकडे तोंड करायला देऊळच फिरलं आणि नंदी मागे राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्याच नंदीपाशी मी दिराला बसवलं, हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. "बस इथं, आलेच, येऊन राहिले मी," म्हणाले आणि बसस्टँड गाठलं.

वसमतची गाडी येईना. शेजारच्या म्हातारीने पिशवीतून कडा झिजलेला फोटो काढला. "बाई, ह्यो कुठं दिसला का वं? माझं पोरगं हाय. डोस्क्यानं कमी व्हतं. आमीच नंदीपाशी बसवून गेलतो. तिसऱ्या दिशी आले तं न्हाई. तवापासून दर सोमवारी हुडकून राहिले."

तेवढ्यात गाडी लागली, माणसं चढली. मी माघारी देवळाकडे पळत सुटले.

तो तिथेच होता, भर उन्हात. लोक त्याला वळसा घालून जात होते. त्याने मूठ उघडली. "अर्धं तुझं ठेवलं, वैनी. लई येळ लावला तू." मी तिथेच खाली बसून मोठ्याने रडले.

आता तो घरात, ओसरीवर राहतो. बरा झालेला नाही, होईलसं वाटतही नाही. शेजारी दारं लावून घेतात, माझ्याशी बोलणंही तोडलंय. दर सोमवारी आम्ही दोघं औंढ्याला जातो. म्हातारी भेटते. तिचा लेक अजून सापडलेला नाही. मला वाचवायला देवाने तिचंच दुःख काहून वापरलं, हे मला उमगत नाही, आणि विचारायला तोंडही नाही.

पूर्वी याला बरं कर म्हणून मी नवस बोलायची. आता ते देवावरच सोडलं. एवढंच मागते, नागनाथा, मला याच्यापासून पुन्हा उठून जाऊ देऊ नकोस. रोज शेतात निघताना मी त्याला सांगते, येऊन राहिले मी. परत येते तेव्हा अर्धी भाकर झाकून ठेवलेली असते.