बारशाआधीची नोंद

१२ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. परतूरच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये शेषराव गुरुजींनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. शाळेच्या टी.सी.वर जन्मस्थान वाटूर, सर्व्हिस बुकात आष्टी.

मी सांख्यिकी शिकले आणि आता जुन्या कागदपत्रांवरून कुटुंबांचा इतिहास जुळवून देते. गुरुजी सत्तरी ओलांडलेले. ते तान्हे असतानाच आई गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि आजोळ तुटले. आजोबांचे नावही त्यांना माहीत नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी होते. जन्मगावची नोंद मिळाली, तर आजोळ मिळणार होते.

"सर्व्हिस बुकात आष्टी कोणी सांगितलं?"

"बाबांनी. नोकरी लागली तवा सोबत आल्ते. एरवी आईचा विषय काढला की उठून जायचे."

"आणि टी.सी.?"

"हेडमास्तरांनी लिहिलं. तिथं समद्या पोरांचं वाटूरच हाय."

नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे मी आधी पाहते. पारडे आष्टीकडे झुकले. मात्र आष्टीच्या जन्मनोंदवहीची तीन वर्षांची पाने दोनदा तपासूनही शेषराव सापडला नाही.

"मीबी पाहून गेल्तो," गुरुजी म्हणाले. "राहू द्या, मॅडम."

रेकॉर्ड सांभाळणारे शेखचाचा हसले. "गुरुजी, चार दिवसांच्या लेकराला नाव असतंय का? गावचा कोतवाल बारशाच्या आधीच जन्म लिहून जायचा. बापाचं नाव पाहा, जल्दी सापडंल."

चूक माझी होती. नाव नसलेल्या नोंदी अपूर्ण समजून मी गाळल्या होत्या. आता वडिलांच्या रकान्यावरून पुन्हा सुरुवात केली. तासाभराने ओळ मिळाली: मुलगा. बाप किसन, राहणार वाटूर. आई गंगूबाई. खबर देणार रखमाजी, मुलीचा बाप.

गुरुजींनी शेवटच्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

दुपारी आम्ही आष्टीत रखमाजींचे घर विचारत गेलो. त्यांच्या नातवाने, म्हणजे गुरुजींच्या मामेभावाने, दोन्ही कागद बाजूला सारले.

"गंगूआत्याचा शेषू? तुमच्या बापानं येऊ दिलं न्हाई, मंग आमचे म्हातारेबी रुसून बसले. पण तुमी मास्तर झाल्ते ना? मास्तराला आजोळचा रस्ता सापडंना?"

"दोन कागदांवर दोन गावं, अन् आजोबाचं नावबी ठाऊक नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"बरं. आता भाकर खाऊनच जायचं."

रिकामा रकाना दिसला की तो कधी भरला गेला असता, हे आता मी आधी विचारते. त्या संध्याकाळी गुरुजींच्या वंशावळीत मी शेवटचा आकडा नोंदवला. आजोळचे हयात नातेवाईक: २३.