बनीतल्या कुड्याचं नाव

"यहाँ कुछ नहीं था जी, बस झाड़ियाँ थीं."

द्वारकेत आमच्या सोसायटीचा पाया खणला जात होता, तेव्हा ठेकेदाराने मला हे वाक्य ऐकवलं होतं. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि रविवारी बस बदलत बदलत येऊन आमचं होऊ घातलेलं घर, म्हणजे एक मोठा खड्डा, डोळे भरून पाहून जात होतो. ठेकेदाराला त्या 'कुछ नहीं'चा अभिमान होता. मीही मान डोलावली. ती झुडपं कोणती होती, हे विचारायचं सुचलंच नाही.

सुचायला बारा-तेरा वर्षं लागली. गच्चीच्या पाइपाशेजारी, सिमेंटच्या भेगेतून, पिवळ्या फुलांचं एक रोपटं उगवलं होतं. लेकीच्या डिजिटल कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला आणि कुणीतरी सांगितलेल्या एका ई-मेल गटावर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत उत्तर आलं होतं. रोपट्याचं नाव, ते जुन्या भिंतींवरच का वाढतं याच्या तीन ओळी, आणि खाली विनंती: पुढच्या वेळी पानाची मागची बाजूही दाखवा. सही होती माथुर यांची. डाक-तार खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वनस्पतिशास्त्राची पदवी नाही, काही नाही. चाळीस वर्षं दिल्लीच्या उजाड माळांवरून, टेकड्यांवरून चालत राहिले, एवढीच त्यांची पात्रता.

त्या गटात सगळे असेच. बँकेतले कॅशियर, रेल्वेतले तिकीट तपासनीस, एक बालरोगतज्ज्ञ, माझ्यासारख्या गृहिणी. फोटो टाकायचा, नाव विचारायचं. या मंडळींचा एक रिवाज मला फार आवडतो. कुणी चुकीचं नाव सांगितलं तर ज्याला चूक दिसली त्यानेच ती सगळ्यांसमोर लिहायची, खासगीत नाही. आणि ज्याची चूक असेल त्याने खाली एकच शब्द लिहायचा: मान्य. मी मोठमोठ्या लोकांना तो शब्द लिहिताना पाहिलंय. माथुर साहेबांना मात्र कधीच नाही, कारण तशी वेळच आली नव्हती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं निघालो ते त्यांच्याच एका कामासाठी. गुडगाव आणि फरिदाबादच्या मध्ये अरवलीच्या दगडी टेकड्या आहेत. तिथल्या एका गावाने आपली 'बनी' पिढ्यान् पिढ्या राखली आहे. बनी म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान, आपल्याकडच्या देवराईसारखं. आता भोवतालच्या जमिनी फार्महाऊससाठी आणि कॉलन्यांसाठी विकल्या जात आहेत. गावातल्या काही जणांना बनी वाचवायची आहे, आणि सरकारकडे करायच्या अर्जाला तिथल्या झाडांची यादी जोडायची आहे. ती यादी माथुर साहेबांनी केली होती. यादीत एक जरी नाव खोटं निघालं तरी समोरचा पक्ष सगळ्या यादीला हसेल, म्हणून देण्याआधी एकदा प्रत्यक्ष फिरून यायचं होतं. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुर्मीळ झाडांचा पत्ता जाहीर करायचा नाही, हाही गटाचा नियम.)

जायचं असेल तर पहाटे पाचला घर सोडा. साडेदहानंतर त्या खडकांवर उभं राहवत नाही. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड तळाचे बूट लागतात. तिथले काटे चपलेतून आरपार येतात. गाडी माझ्या मैत्रिणीची, रूथ सोनावणेची. ती मंत्रालयात नोकरी करते, जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची मराठी. झाडांतलं तिला ओ की ठो कळत नाही. "तुम्ही पानं मोजा, मी सारथी," असं तिनं आधीच बजावलं होतं.

मुनिरका भागातल्या आपल्या फ्लॅटखाली माथुर साहेब काठी, टोपी आणि स्टीलचा डबा घेऊन उभे होते. रूथने गाडी अगदी त्यांच्यापुढे थांबवली तरी ते आमच्या मागे रस्त्यावर बघत होते. मी हाक मारली तेव्हा हसले. "अरे, आप लोग आ गए. मैं सफ़ेद गाड़ी देख रहा था." रूथची गाडी पांढरीच आहे. उजेड कमी असेल, असं मला वाटलं.

मेहरौलीवरून गुडगावात शिरलो. ओळीने काचेचे मॉल, अजून न उघडलेले, आणि त्यांच्यामागे क्रेन. माथुर साहेब मागच्या सीटवरून सांगत होते: या मॉलच्या जागी करीलच्या जाळ्या होत्या, एप्रिलमध्ये लाल फुलांनी पेटायच्या, त्या पेट्रोल पंपाशी एक हिंगोटाचं झाड होतं. आवाजात तक्रार नव्हती. जुन्या शेजाऱ्यांची चौकशी करावी तसं ते बोलत होते.

"अंकल, आपको इतना सब याद कैसे रहता है?" रूथने विचारलं.

"बेटा, आदमियों के नाम भूल जाता हूँ. उधर की जगह इधर लग गई."

"म्हणजे माझं नाव गेलं," रूथ मला मराठीत म्हणाली.

"रूथ जी, मराठी मैं समझता नहीं, पर शिकायत हर ज़बान में समझ लेता हूँ."

टेकड्या सुरू होण्याआधी उजव्या हाताला एक ढाबा आहे, बाजा मांडलेल्या आणि मागे म्हशींचा गोठा. आलू पराठा, पांढरं लोणी, हिरव्या मिरचीचं लोणचं. पुढे काहीच मिळत नाही, तेव्हा इथेच पोट भरून घ्या. पेट्रोल आणि नाश्ता धरून आमची सहल माणशी तीनशेच्या आत झाली.

गावात हरचंद वाट बघत होते. साठीचे, पांढरं धोतर, खांद्यावर काठी आडवी. बनीची राखण करणाऱ्यांतले एक. त्यांनी नियम सांगितले. इथली काडीही तोडायची नाही, आणि पडलेली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. झाडाला हात लावलेला चालतो.

"नाम तो हमने सारे बेरा सैं," ते माथुर साहेबांना चिडवत म्हणाले. बेरा म्हणजे ठाऊक. "थम इतनी दूर तै पूछण आओ सो."

"आपके नाम गाँव जानता है, चौधरी साहब. सरकार को दूसरे नाम चाहिए."

"सरकार नै तो झाड़ बी ना दीखता."

बनीत पाऊल टाकलं आणि हवा बदलली. बाहेर सगळीकडे विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ. आत मात्र धौ नावाची झाडं, शेकड्याने. बारीक पानांच्या झुकलेल्या फांद्या दरीभर पसरलेल्या. एकाही फांदीवर कुऱ्हाडीची खूण नाही. मी सह्याद्रीच्या कुशीत वाढलेली बाई, मला झाडांचं अप्रूप नसावं. पण राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर, कुंपण नाही, पहारा नाही, नुसता शब्द पाळून राखलेलं एवढं रान बघून मी यादी काढायचीही विसरले.

माथुर साहेब एकेका झाडाशी थांबत. मी यादी वाचायची, ते 'हाँ' म्हणायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते झाडाकडे फारसं बघतच नाहीत. खोडावरून तळवा फिरवतात. पान चिमटीत धरून अंगठ्याने त्याच्या शिरा चाचपतात, वाकून वास घेतात, मग नाव घेतात. मला ते कौतुकाचंच वाटलं. माणूस इतका मुरला की डोळ्यांची गरज उरत नाही, असं काहीतरी मी मनात लिहूनही टाकलं.

यादीतलं शेवटचं झाड दरीच्या चढावर एकटंच होतं. नाव: दूधी, म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. माथुर साहेबांनी ते एका जानेवारीत पाहिलं होतं. पान एकही नाही, नुसत्या वाळून फुटलेल्या शेंगा. त्यांच्या त्या नोंदीवरून पुढे अनेकांनी आपापल्या झाडांना तेच नाव दिलं होतं. आता ते फुलावर होतं, पांढऱ्या गुच्छांनी भरलेलं, आणि खाली खडकावर फुलांचा सडा. मी बघितलं आणि हात आपोआप खाली गेला. ही फुलं मी लहानपणी ओट्यावर बसून निवडली आहेत. आई त्यांची भाजी करायची, कांदा परतून, चिमूटभर गूळ घालून. हा पांढरा कुडा होता.

दोन्ही कुड्यांना चीक असतो, दोन्हींची फुलं पांढरी. फरक फुलाच्या आत आहे. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध बारीक तंतूंची झालर असते, पांढऱ्याच्या फुलात नसते. जो एकदा बघेल त्याला पुन्हा शंका येणार नाही.

माथुर साहेब पान चाचपत होते. "पत्ता कुछ बड़ा लग रहा है," ते पुटपुटले. मी एक पडलेलं फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मान तिरकी करून कडेने पाहिलं. मग तळहात माझ्यापुढे केला.

"मृदुला जी, झालर है ना?"

तेव्हा मला कळलं. गाडी, खोडावरचा तळवा, तिरकी मान, सगळं एकदम. त्यांना दिसत नव्हतं. मी 'हो' म्हणाले असते तर यादी तशीच गेली असती आणि त्यांचं नावही तसंच राहिलं असतं. रूथला काही समजलं नसतं. हरचंद लांब उभे होते. मी पुन्हा फुलाकडे बघितलं, जणू ते बदलेल.

"नहीं, सर. झालर नहीं है."

ते खडकावर बसले. फूल तसंच हातात होतं. हरचंद जवळ आले, झाडाकडे बघून म्हणाले, "दूधी तो परली ओर सै. मन्नै तो पहले दिन ए कह दी थी."

"कही होगी, चौधरी साहब," माथुर साहेब म्हणाले. "मैंने सुनी नहीं." मग मला म्हणाले, "आप लिखेंगी. आज ही. जिसने देखा, वही लिखे."

"सर, तुम्हीच लिहा ना," मी गडबडीत मराठीतच बोलले. त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी नकाराची मान हलवली. फूल त्यांनी वाकून झाडाच्या बुंध्याशी ठेवलं.

परतताना गाडीत त्यांनी स्वतःहून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेचं दिसतं, मधलं धुकं. गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून वर्षभर चालवून नेलं. "फूल का बीच ही नहीं दिखता, और सारी पहचान वहीं होती है." रूथने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी हळू केली. मग डबा उघडून त्यांनी आम्हाला बायकोने दिलेल्या मठऱ्या खायला लावल्या, आणि मुनिरका येईपर्यंत रूथच्या मराठी शाळेची चौकशी करत राहिले.

घरी आल्यावर मी चार वेळा मेल लिहिली आणि पुसली. शेवटी तीन ओळी पाठवल्या: झाड, फूल, झालर नाही. संध्याकाळी साडेसातला माथुर साहेबांचं उत्तर आलं. 'मान्य.' त्याखाली आणखी थोडं होतं. यादीतलं प्रत्येक झाड दोन तरुण डोळ्यांनी पुन्हा बघावं, मगच यादी गावाला द्यावी. आणि आजपासून मी गटावर नावं सांगणार नाही. नाव सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं असावं.

यादी गटातल्या दोन तरुणांनी फिरून तपासली. बाकीची सगळी नावं बरोबर निघाली. कुडा दुरुस्त होऊन यादी गावाला गेली. सगळं नीट झालं, आणि मी मात्र रोज सकाळी सहाला मेल उघडते तेव्हा तिथे त्यांचं उत्तर नसतं. मी खोटं बोलायला हवं होतं असं एकदाही वाटलेलं नाही. पण त्या टेकडीवरून मी काय घेऊन आले, हे विचाराल तर धौच्या दरीआधी मला त्यांचा पुढे केलेला तळहात आठवतो. इतकी वर्षं सगळ्यांना नावं देणाऱ्या माणसाने विचारलं, आणि उत्तर ऐकून घेतलं.

आज त्यांना हिंदीत एक मेल लिहिली आहे. त्यांची पत्नी वाचून दाखवेल. माथुर साहेबांचा नियम मला माहीत आहे आणि ते तो माझ्यासाठी मोडणार नाहीत, हेही. तरी मजकूर इथे मराठीत देते:

'माथुर साहेब, येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी तुमच्या दाराशी येते. खालच्या बागेत जाऊ. पान तुमच्या हातात, फूल माझ्या डोळ्यांसमोर. मला जे दिसेल ते मी सांगेन, जराही वाढवून नाही, आणि नाव तुम्ही सांगायचं. याल का?'