लहरीकाकूंचं स्टेशन

लहरीकाकू रेडिओला उत्तरं देत. निवेदिका ‘नमस्कार’ म्हणाली की पोळी लाटता लाटता त्या ‘नमस्कार, या’ म्हणत. बातम्यांत एखादा मंत्री आश्वासन देऊ लागला की नुसतं ‘हो का?’ मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये नवी सून म्हणून आले, तेव्हा शेजारच्या घरात नक्की किती माणसं राहतात हे मला बरेच दिवस कळेना. काकू एकट्याच होत्या. यजमान गेलेले, मुलगा बंगळूरला.

त्यांचा रेडिओ सरकारी, मध्यम लहरींवरचा. स्वभाव मात्र मध्यम नव्हे, पुरता लहरी. म्हणून हे नाव. मुंबई केंद्रावरचं सगळं त्या ऐकत. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात सांगितलेला निंबोळी अर्क त्यांनी खिडकीतल्या एकुलत्या एका कढीपत्त्यावर मारला होता. मच्छीमारांसाठीचं हवामान ऐकून मला ओरडून सांगत, “उद्या समुद्र खवळणार आहे गं, बोंबील आजच घेऊन ठेव!”

सगळीकडे नव्या एफएमचा धुमाकूळ होता. सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई एकदा म्हणाले, “काकी, ये क्या पुराना लगाती हो? एफएम सुनो, मस्त है.”

“तुमच्या एफएमवाल्याला श्वास घ्यायला पण फुरसत नाय,” काकू म्हणाल्या. “हमारावाला बीच में खाँसता है. आदमी है वो, आदमी!”

मेहताभाईंना सकाळी कुणावर तरी ओरडल्याशिवाय चैन पडत नसे. कधी वॉचमन, कधी दूधवाला. मग काकूंची पाळी आली. ‘ब्लॉक नंबर बाराने खिडकीत रेडिओ लावू नये,’ अशी पाटी जिन्यात लागली. काकूंनी ती चष्मा लावून वाचली आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ माझ्या हातात ठेवला. “तुझ्या खिडकीत लाव, मोठ्याने. मी फोन करतेय. फोनजवळ रेडिओ असला की शिट्टी वाजते.”

सकाळचा आरोग्याचा कार्यक्रम होता. श्रोत्यांनी फोन करायचा, डॉक्टरांनी उत्तर द्यायचं. थोड्याच वेळात काकूंचा आवाज अख्ख्या इमारतीत घुमला. “डॉक्टर, आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. रोज सकाळी कुणावर तरी ओरडल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही. काही औषध?”

खाली मेहताभाई वॉचमनला झापत होते. ते मध्येच थांबले.

डॉक्टर हसले. “कोमट पाणी द्या त्यांना. आणि त्यांच्याशी दोन शब्द बोला. एकटे असतील बहुतेक.”

मेहताभाईंची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतेला गेली होती, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ते काकूंच्या दारात उभे. “काकी, डॉक्टर को मेरा नाम तो नहीं बताया ना?”

“त्यांनी विचारलंच नाही. बसा. आमच्या स्टेशनवर गुजरातीपण असतं.”

ते बसले. पुढे रोजच बसू लागले. पाटी कधी गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलगा काकूंना न्यायला आला. त्यांनी एकच विचारलं, “तिथे आपलं स्टेशन लागेल?” तो म्हणाला, “आई, तिकडे सगळं मिळतं.” टॅक्सी सुटली तेव्हा रेडिओ त्यांच्या मांडीवर होता, आणि मेहताभाई फाटकाशी उभे राहून उगाच कबुतरांवर ओरडत होते.

तिथे आपलं स्टेशन लागलं नाही. पहिले काही महिने काकूंचा फोन आला की आवाज बारीक असायचा. मला भीती वाटू लागली. मग एक दिवस फोन आला तो हसतच.

“अगं, आज इथल्या केंद्राला फोन लावला. कानडी आहे सगळं. त्या बाईला माझं काही कळलं नाही, मला तिचं काही कळलं नाही. खूप वेळ बोललो!”

“मग?”

“मग काय! गाणं लावलं तिने माझ्यासाठी. कुठलं ते विचारू नकोस. पण त्याआधी माझं नाव घेतलं, ते बरोब्बर घेतलं.”