आठ नंबरवरची कढी

चहा घ्या आधी. पण मी बोलून राहिलो तेव्हा हसू आलं, तर कप खाली ठेवून हसा बरं का. सांडण्याचा मला आता धसकाच बसला आहे. काय सांडलं म्हणता? कढी! हो जी, कढी. लोकांचे गाढवपणे साधे असतात, माझा पिवळा आहे आणि त्यात कढीपत्ता आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

इथल्या हिंदी मुलखात, रांझीच्या फॅक्टरीत मी बत्तीस वर्षं काढली. काम काय? मिलिटरीचे ट्रक तयार होऊन आले की चालवून पाहायचे, खाली वाकून पाहायचे आणि पास करायचे. त्यामुळे गाडी या विषयावर कोणी मला काही सांगितलेलं चालत नाही. अजूनही चालत नाही, पण आता ऐकून घेतो.

रिटायर झालो आणि दोन गोष्टी घेतल्या. सिहोऱ्याच्या पुढे जरासं शेत, आणि तिथवर जायला एका खाणवाल्याची जुनी पिकअप. फोर-बाय-फोर! पुढे पाच माणसं बसतात, मागे माल भरायला मोठा डाला. नाल्यातून जाते, ढेकळांतून जाते, फक्त आतल्या माणसाचे हाल होतात. शेतावर एक आवळ्याचं झाड होतं, त्याच्यासमोर मी एक खोली बांधली. स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या, म्हणजे आमच्या सुनंदाच्या, उंचीचा करून घेतला. वाकलं की तिची कंबर धरते ना.

आणि ती खोली सुनंदाने पाहिलीच नव्हती!

एकदा निघालो होतो. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. तिथे गाडीने असा हिसका दिला की अर्ध्या वाटेतून परत. आठ दिवस गरम पाण्याची पिशवी. नवव्या दिवशी ती म्हणाली, “मी या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. तुम्ही आपले शेताचे फोटो दाखवत जा.”

आता तुम्हीच सांगा, झाडाची सावली फोटोत कशी दाखवायची? फार वाईट वाटलं हो मला. एकटाच जायचो, एकटाच त्या ओट्यावर चहा करायचो, आणि तो ओटा मला ठेंगणा पडायचा.

मग ठरवलं, गाडीचे हिसके झेलणारे शॉकर बदलायचे. साधे नाही, डोंगरदऱ्यांत गाड्या पळवणारे लोक लावतात तसले.

“सुनंदा, असे शॉकर टाकतो की पोटातलं पाणी हलणार नाही!”

“पोटातल्या पाण्याचं राहू द्या,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर आवळी नवमी आहे. आवळ्याखाली जेवायला येते मी. मांडीवर कढीचं पातेलं घेऊन, झाकण न ठेवता. पण एक थेंब जरी सांडला ना, तर शेताचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.”

“मंजूर!” मी म्हटलं. विचार न करता मंजूर म्हणायची आपली जुनी खोड.

कांचघरला बब्बू मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने चारही शॉकर बसवले आणि मला खाली बोलावलं.

“अंकल, ये घुंडी देख लीजिए. एक से आठ तक नंबर हैं. इसमें क्या है कि...”

“बेटा,” मी म्हटलं, “तू पैदा नहीं हुआ था तब से मैं गाड़ियाँ पास कर रहा हूँ.”

“जी अंकल, फिर भी...”

“चाय मँगा.”

बिचाऱ्याने चहा मागवला. सगळ्या घुंड्या तो दोनवर ठेवून उठला होता. त्याची पाठ वळली, आणि मी खाली सरकून चारही आठवर नेल्या! काहून म्हणता? अहो, पंखा एकवर जास्त हवा देते की पाचवर? मग शॉकर आठवर जास्त मऊ नको का? आठपर्यंत दिलेलं असताना दोनवर राहायचं म्हणजे पंगतीत बसून नुसतं मीठ चाटायचं!

घुंडीच्या वर बारीक अक्षरांचं एक स्टिकर होतं. ते मी वाचणारच होतो, खरंच. पण दुसऱ्या दिवशी दसरा आला. गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ चढली. सुनंदा म्हणाली, “ज्यांच्या भरवशावर मी बसणार, त्या शॉकरलाही कुंकू लावा.” तिला वाकता येत नाही, म्हणून मीच खाली शिरलो आणि चारही शॉकरवर छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. सपाट जागा तेवढीच, स्टिकरची. आता कुंकू पुसून खालचं वाचायचं म्हणजे पापच ना?

संध्याकाळी एकटाच चक्कर मारायला निघालो. बाप्पा रे! आमच्या गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं. दुसऱ्यात जीभ चावली. जुने शॉकर निदान दया दाखवायचे, हे तर जुना वैरी भेटावा तसे भेटून राहिले होते.

पण मी हार मानतो का? मी विचार केला, फॅक्टरीत ट्रक तपासताना आम्ही काय करायचो? डाल्यात वाळूची पोती भरायचो! रिकामी गाडी उडतेच, वजन पडलं की शांत होते. आणली पोती, भरली. गाडी शांत झाली हो!

सुनंदाने खिडकीतून पाहिलं. “वाळू काहून आणली? बाथरूमचं काम काढून राहिले का?”

“हं... पाहू,” मी म्हटलं. शॉकर कडक आहेत हे तिला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गवंडी हजर! सुनंदा त्याला टाइलांचा रंग सांगून राहिली होती. वाळू गेली बाथरूमला. गाडी रिकामी ती रिकामीच.

तेवढ्यात समोरून तिवारीजी आले. आमचे शेजारी, रेल्वेतून रिटायर, देवाच्या दयेने सव्वा क्विंटल. खोटं काहून बोलू, मला माणूस दिसलाच नाही, पोतं दिसलं.

“तिवारी जी! कहाँ चले? बैठिए, छोड़ देता हूँ.”

तिवारीजी जागीच थबकले. अहो, बत्तीस वर्षांत मी कोणाला माझ्या स्कूटरवर मागे बसवलं नव्हतं. का, तर कमानी खराब होतात. तोच मी आज हाक मारून बोलावून राहिलो!

“डाल्यात बसा,” मी म्हटलं. “तिथे हवा चांगली लागते.”

एका तिवारीजींनी थोडा फरक पडला. मग मी बसची वाट पाहणारे चार घेतले, फॅक्टरीत पाळीवर चाललेले सायकलींसकट तीन घेतले. गाडी अशी मऊ चालली, काय सांगू! मग रोजचंच झालं. सकाळी नऊला मी निघायचो आणि वजन पाहून माणसं उचलायचो. किडकिडीत माणसाने हात दाखवला तर गाडी थांबत नसे. नियम नका सांगू मला, डाल्यात माणसं बसवू नयेत हे मलाही माहीत आहे. माणूस अडला की शहाणपण सुट्टीवर जाते.

आठवड्याभरात तिवारीजींनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली. “कोल्हे जी, सच बताइए. पार्षद का चुनाव लड़ रहे हैं ना?”

“छे! नगरसेवक आणि मी? नाही हो!”

“बस, समझ गया,” ते म्हणाले. “जो लड़ने वाला होता है, वो पहले यही बोलता है.”

झालं! तिवारीजींना कळलं म्हणजे अख्ख्या रांझीला कळलं. आता डाल्यात बसताना लोक नमस्कार करून बसायला लागले. कोणी नळाची तक्रार द्यायचं, कोणी भाच्याच्या नोकरीचा अर्ज. मी नाही म्हणालो की म्हणायचे, किती साधा माणूस! आणि मी तरी काय करू? खरं सांगावं, तर “मी तुम्हाला वजन म्हणून बसवतो” हे कोणत्या तोंडाने सांगू?

आणि एक दिवस आमचे पार्षद स्वतः घरी आले. हातात पेढ्यांचा डबा. “कोल्हे जी, आप तो बुज़ुर्ग हैं. कोई शिकायत हो तो हमें बोलते, सीधे मैदान में उतर गए?”

मी गडबडलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “गली में गड्ढे बहुत हैं.”

तीन दिवसांत गल्लीत डांबर! अशी गुळगुळीत गल्ली की पाहत राहावं. मी रिकामी गाडी घेऊन निघालो, तर हिसका नाही, उडी नाही. वाटलं, आता बसले शॉकर जागेवर! हो, खड्डे बुजले म्हणून गाडी शांत झाली हे बत्तीस वर्षांच्या अनुभवी डोक्यात आलंच नाही.

“सुनंदा,” मी मिशीला पीळ देत म्हटलं, “कढी कर.”

आवळी नवमी उजाडली. तरी मनात थोडी धाकधूक होती, म्हणून मी तिवारीजींना म्हटलं, “जेवायला चला, आणि चार धष्टपुष्ट लोक आणा.” ते बारा घेऊन आले. बब्बू मिस्त्रीलाही बोलावलं होतं, तोही डाल्यात बसला. पुढे मी, आणि शेजारी सुनंदा नव्या सिल्कच्या साडीत, मांडीवर काठोकाठ भरलेलं पातेलं. झाकण नाही.

आणि खरं सांगतो, सिहोऱ्यापर्यंत कढीवरची साय मोडली नाही! सुनंदा एकदा कढीकडे पाहायची, एकदा माझ्याकडे. लग्नानंतर एवढ्या कौतुकाने तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी तर हवेत होतो.

कच्चा रस्ता लागला. तिवारीजींनी छतावर थाप मारली. “रोकिए, रोकिए! नेता जी के खेत पर हम गाड़ी में जाएँगे? यहाँ से पदयात्रा!”

“अहो नको! बसून राहा! बैठे रहिए!”

कोण ऐकते? चौदा माणसं धडाधड खाली उतरली आणि ओरडायला लागली, “हमारा नेता कैसा हो! कोल्हे जी जैसा हो!”

“हे काय?” सुनंदाने विचारलं.

“मग सांगतो,” मी म्हटलं, आणि जीव मुठीत धरून रिकामी गाडी पुढे काढली.

पहिलाच खड्डा.

कढी एकदम उठली हो! पुढची काच पिवळी, डॅशबोर्डवरच्या गणपतीला अभिषेक, माझ्या डोक्यावरून मिरचीची फोडणी, आणि सुनंदाची साडी... साडीचं विचारू नका. पातेल्यात कढीपत्त्याचं एक पान उरलं होतं.

सुनंदाने पातेलं सीटवर ठेवलं. दार उघडलं, उतरली, आणि उरलेली वाट पायी चालली. मी मागून गाडी हळूहळू आणली. संपलं, म्हटलं. आता आयुष्यभर फोटो.

ती खोलीपाशी गेली. आत डोकावली. ओट्यासमोर उभी राहिली आणि त्याच्यावर दोन्ही तळहात ठेवून पाहिले. कंबर न वाकवता हात पोचले. मग बाहेर येऊन आवळ्याखाली बसली.

तेवढ्यात घोषणा देत पदयात्रा पोचली आणि पिवळ्या नेत्याला पाहून “कैसा हो”वरच अडकली.

बब्बू मात्र थेट गाडीखाली शिरला. फडक्याने कुंकू पुसलं. खालून आवाज आला, “अंकल... ये आठ पे किसने किया?”

मी आवळे मोजायला लागलो.

“आठ तो पूरा माल भरा हो तब के लिए है. खाली गाड़ी में दो. यहाँ हिंदी में लिखा है!”

खरंच लिहिलेलं होतं. बत्तीस वर्षं मिलिटरीचे ट्रक पास करणाऱ्या माणसाने त्या ओळीवर स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढलं होतं! मग काय लपवणार? पोतीच्या पोती ओकलो. वाळू, बाथरूम, पाळीवाले, सगळं सांगितलं.

तिवारीजींचा चेहरा उतरला. “मतलब... हम लोग माल थे?”

आणि पहिली हसली ती सुनंदा! पदर तोंडाला लावून हसली, मग पदराचीच कढी नाकाला लागली म्हणून आणखी हसली. तिला हसताना पाहून सगळे हसले, तिवारीजीही.

बब्बूने चारही घुंड्या दोनवर केल्या. सुनंदा उठली, विहिरीच्या पाण्याने तांब्या काठोकाठ भरला आणि गाडीत जाऊन बसली.

“चला,” ती म्हणाली. “रिकामीच न्या.”

त्याच रस्त्याने गेलो, त्याच खड्ड्यातून, आणि परत आलो. तांब्यातलं पाणी नुसतं डोललं. थेंब नाही सांडला! शपथ सांगतो, पेन्शनचा पहिला कागद हातात आला तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

“पुढच्या रविवारी बेसन आणि ताक सोबत घेऊ,” ती उतरता उतरता म्हणाली. “कढी इथल्या ओट्यावरच करीन. तुमचा भरवसा नाही.”

पुढचा रविवार! ऐकलं ना तुम्ही?

मग पुऱ्या, भाजी आणि बिनकढीचा भात असं झकास जेवण झालं. तिवारीजींनी तिसऱ्यांदा भात घेतला, ढेकर दिला आणि उदारपणे म्हणाले, “चलो, माल ही सही. भाभी जी, हम तो कोल्हे जी को अब भी खड़ा करेंगे. आपका वोट तो पक्का ना?”

सुनंदाने माझ्या कानामागचं कढीपत्त्याचं पान काढलं.

“भैया,” ती म्हणाली, “इनको आठ तक गिनती आती है. रुकना कहाँ है, वो नहीं आता.”