बाबाचा शेवटचा जिताडा

दोन हजार एकोणीस साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, माझा बाप नव्वदीचा, आणि रेवसपासून पालीपर्यंत त्याच्याएवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता. मलाही हट्टी म्हणतात, पण मी त्याच्यापुढे काहीच नाही.

आमच्या दारात तळं आहे. खाडीतून माशांची पोरं आणून त्यात जिताडे वाढवायचे, आणि घरी जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्यातला मोठा काढायचा, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्यांची तळी जाळं टाकून मोकळी होतात. बाबाला जाळं चालायचं नाही. "जाल्यात येतो तो सापडलेला मासा. गळाला येतो तो पकडलेला." आम्हा पोरांना जेवलात का म्हणून कधी विचारलं नाही, पण तळ्यावर रोज सकाळी जाऊन माशांना विचारायचा. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला पहिलं जेवण दुपारी चार वाजता मिळालं. बिचारा पाटावर बसून होता आणि बाबा काठावरून ओरडला, "जावयांना सांगा, मासा आत्ताच जेवलाय. त्याला भूक लागू दे!"

त्या वर्षी माझ्या धाकट्या लेकीचा नवरा येणार होता. बाबाला धड दिसत नव्हतं, हात कापत होते. मी म्हटलं, "बाबा, जाळं टाकतो."

"टाक. मग जावयाला तूच वाढ. मी पानावर बसणार न्हाय."

आदल्या दिवशी सकाळीच तो कोळंबी लावलेला गळ सोडून बसला. मी शेजारी. बोलायची बंदी. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. सूर्य टेकायला आला तेव्हा दोरा ताणला. बाबा उभा राहिला, ओढू लागला, पण मासा त्यालाच ओढत होता. दोरा बोटांतून सुटायला लागला तसा मी गुपचूप कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, माशाला खालून कवेत धरून काठावर लोटला आणि मुकाट बाहेर आलो.

"बघितलास हात?" बाबा धापा टाकत म्हणाला.

"बघितला."

घराकडे वळताना त्याने माझ्या ओल्या लेंग्याला हात लावला. "डोळे गेलेत रे माझे. कान हायेत अजून."

त्याने दोरा नीट गुंडाळला, गळासकट माझ्या हातात दिला. "आता तू बघ." एवढंच. आयुष्यभर त्याने तो दोरा कुणाला शिवू दिला नव्हता, आणि मी आयुष्यभर त्यासाठी भांडलो होतो. हातात आला तेव्हा मात्र नकोसा झाला. बाबा रात्री जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जावई यायच्या आधी, मी गळाची गाठ दाताने तोडली आणि दोरा नेऊन त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाबा, गाठ सुटली बघ. मला बांधता येत न्हाय."